मागच्या परसात दुसरं घर: आधी कागद, मग नकाशा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोरिवलीत एक्सरला, गावठाणाच्या हद्दीबाहेर वडिलांची 310 चौरस मीटर जागा आहे. पुढे आजोबांनी 1958 साली बांधलेलं बैठं घर असून त्यात थोरले भाऊ राहतात. मागच्या परसात तुम्हाला स्वतंत्र घर बांधायचंय. ठेकेदार म्हणतो, "आधी बांधून घ्या, मग असेसमेंट (पालिकेची मालमत्ता कर आकारणी) लावू, ते लागलं की झालं अधिकृत." या क्षेत्रात माझी तीसेक वर्षं गेली, ड्राफ्ट्समन म्हणून सुरुवात केली तेव्हापासून. म्हणून सविस्तर लिहितो.

ठेकेदाराचं ऐकू नका. महापालिका कर लावते म्हणजे बांधकामाला मान्यता देते असं होत नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर दंडही. माझ्या काकांनी असाच सल्ला ऐकून मागे दोन खोल्या काढल्या होत्या. कराची बिलं नऊ वर्षं वेळेवर भरली. शेजाऱ्याशी कुंपणावरून बिनसलं, तक्रार गेली आणि महापालिका कायद्याच्या कलम 351 ची, म्हणजे अनधिकृत बांधकामाची नोटीस आली. दाखवायला काकांकडे ती बिलं सोडून काही नव्हतं. त्या खोल्या पडताना काकू ओट्यावर बसून होती, ते मी पाहिलंय.

आपल्या नियमावलीत 'दुसरं घर' असा वेगळा प्रकारच नाही. नियम घरं मोजत नाही, प्लॉटवरचं एकूण बांधकाम मोजतो. मुंबईच्या सध्याच्या, 2034 पर्यंतच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे उपनगरात मूळ एफएसआय (जागेच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) 1 आहे. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियमचा (पालिकेला पैसे भरून मिळणारा) जादा एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. तुमची गल्ली तुम्ही 6 मीटर सांगता, म्हणजे 310 चौरस मीटरच्या जागेवर 310 चौरस मीटर बांधकाम. फंजिबल, म्हणजे मूळ एफएसआयवर मिळणारं जादा बांधकाम, 35 टक्के वेगळं, तेही प्रीमियम भरून. जुनं घर 95 चौरस मीटरचं धरलं तर 215 उरतात. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण चारही बाजूंची मोकळी जागा आणि दोन इमारतींमधलं अंतर सोडलं की मागच्या परसात प्रत्यक्षात किती बसेल ते नकाशावरच कळेल.

इथेच भावाभावांत पुढे कटुता येते, म्हणून नीट वाचा. एफएसआय अख्ख्या प्लॉटचा असतो, पुढच्या-मागच्या भागाचा नसतो. उरलेले सगळे 215 तुम्ही वापरलेत आणि पाच वर्षांनी भावाच्या मुलाने वर मजला चढवायचं म्हटलं, तर त्याच्या हाती काहीच उरणार नाही. घरातल्या वाटणीपत्राने जमिनीचे दोन प्लॉट होत नाहीत. पालिकेच्या दृष्टीने तो एकच प्लॉट. रीतसर पोटविभागणी करायची तर मागच्या प्लॉटला वाट सोडावी लागते, आणि एवढ्या जागेत ती परवडणार नाही असं माझं मत आहे. त्यापेक्षा कोणी किती मीटर वापरायचं ते लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन नोंदणी करून ठेवा. हे बोलणं आज अवघड वाटेल, पण भाऊ हयात आहेत आणि संबंध चांगले आहेत तोवरच ते होतं.

'सगळ्यांच्या' म्हणजे वसईला दिलेल्या ताईचीसुद्धा. तिचं नाव तुम्ही ओझरतं घेतलंत, पण वडिलांच्या मालमत्तेत तिचा हक्क आहेच. जागा वडिलोपार्जित धरली तरी 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. मालमत्ता पत्रकावर (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) अजून वडिलांचंच नाव आहे, तर आधी आई, भाऊ, तुम्ही आणि ताई अशी वारस नोंद करा. ताईला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. तिला सोडायचा नसेल तर तिच्या संमतीशिवाय पुढे जाऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी ते बरं नाही.

आजोबांच्या घराचा मंजूर नकाशा नाही, त्याची इतकी धास्ती नको. राहत्या घरासाठी 17 एप्रिल 1964 ही तारीख धरतात; त्याआधीचं बांधकाम पुराव्याने दाखवता आलं तर ते पालिका चालवून घेते. असेसमेंटचा जुना उतारा वॉर्ड ऑफिसातून काढून ठेवा. करापुरता कागद इथे मात्र खरोखर उपयोगी पडतो, वयाचा पुरावा म्हणून. क्षेत्र अर्थातच एफएसआयमध्ये मोजलं जाणार.

आता क्रम. नगर भूमापन कार्यालयातून मोजणी करून क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या; पत्रकावरचं आणि जागेवरचं क्षेत्र जुळलं नाही तर सहसा कमी असलेलं धरतात. मग डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या जागेवर काय दाखवलंय त्याचा पालिकेचा दाखला, काढा. त्यात आरक्षण आणि रस्तारुंदीची रेषा कळते, आणि ही रेषा कधीकधी ओटाच गिळते. गोराई-मनोरीकडे सीआरझेड (किनाऱ्यालगतचा नियंत्रित पट्टा) पाहावा लागतो, पूर्वेला राष्ट्रीय उद्यानालगतचा संवेदनशील पट्टा. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आड येणार नाहीत, तरी वास्तुविशारदाकडून खात्री करून घ्या. हे हातात आल्यावरच परवानाधारक वास्तुविशारद किंवा लायसन्स सर्व्हेअर नेमा. आयओडी (नकाशाला मिळणारी सशर्त मंजुरी) आली म्हणजे काम सुरू करायची मुभा मिळाली असं समजू नका. त्यातल्या अटी पुऱ्या करून सीसी (काम सुरू करायची परवानगी) घ्यायची, ती बहुतेकदा आधी जोत्यापर्यंतच मिळते. शेवटी ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी. तिच्याशिवाय राहायला जाऊ नका, बँकेने कितीही घाई केली तरी.

पावसाळ्याआधी पाया घालायची तुमची इच्छा कळते, पण वारस नोंद आणि मोजणीलाच काही महिने जातील असं धरून चाला. क-प्रत हाती आली की क्षेत्र आणि रस्त्याची मोजलेली रुंदी मला कळवा, मीटरचा हिशेब मी करून देतो. त्याआधी एकदा ताईकडे जाऊन या.