हवेवर तरंगणाऱ्या वाहनाने भूसुरुंग काढता येतील का?

सुरुंगांवरून तरंगत जाता येईल, पण ते काढता येणार नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्यांशी मी नोकरीभर भांडलो आहे.

हवेच्या गादीवर तरंगणारं वाहन, म्हणजे हॉवरक्राफ्ट, जमिनीवर इतका कमी दाब टाकतं की सुरुंग फुटणार नाही, हे तुमचं गणित बरोबर आहे. रणगाडाविरोधी सुरुंगाला साधारण दीडशे किलोंचा भार लागतो, हॉवरक्राफ्टखाली तेवढा पडतच नाही. पण सगळे सुरुंग दाबाने फुटतात असं कोणी सांगितलं?

आमच्या सरावाच्या मैदानावर एकदा असंच एक छोटं, दुरून चालवायचं वाहन दाखवायला आणलं होतं. पुढे मेटल डिटेक्टरची कॉइल. आमचे साहेब भारावून गेले, म्हणाले, "आता पोटावर सरपटायचे दिवस संपले." पंखा सुरू झाला आणि धुरळ्यात काही दिसेना, आम्ही लावलेल्या खुणेच्या फिती उडाल्या. वाहनाखाली हवा कोंडून धरणारा रबरी पडदा, म्हणजे स्कर्ट, गवतातल्या ट्रिपवायरला (ओढली गेली की सुरुंग उडवणाऱ्या बारीक तारेला) अडकला आणि सरावाच्या सुरुंगाची पिन निघाली. त्या घरघरीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी जाऊन पिन उचलली आणि साहेबांच्या हातात ठेवली. "उंची वाढवू," ते म्हणाले. अहो, उंची वाढवली की कॉइलही वर जाते, आणि नखाएवढा धातू असलेला प्लास्टिकचा सुरुंग मग सापडतच नाही! हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पीएफएम-१ हा माणसांविरुद्धचा छोटा प्लास्टिकचा सुरुंग तर आणखी वाईट. जेमतेम ७५ ग्रॅमचा, जमिनीवर उघडाच पडलेला. पंख्याच्या झोताने तो सरकून तपासून झालेल्या पट्ट्यात जाऊन पडला, तर जबाबदार कोण?

लढाईत नांगर लावून किंवा स्फोटकांची माळ फेकून एक वाट मोकळी करतात, एखादा राहिला तर तो धोका पत्करतात. शेत परत द्यायचं असेल तर एकही राहून चालत नाही. मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, तिथे स्फोटकाचा वास घेणारे मोठे उंदीरही वापरले होते. तेही सुरुंग फुटणार नाही इतके हलके, पण त्यांचं नाक मातीला लागलेलं असतं.

हो, पाण्यावरची गोष्ट वेगळी. ब्रिटिश नौदलाने बीएच-७ हॉवरक्राफ्टवर समुद्री सुरुंगांसाठी चाचण्या घेतल्या होत्या, कारण त्याचा पाण्यातला आवाज कमी. नुसत्या पाहणीला ड्रोनही उपयोगी पडतात.

या विषयावर प्रकल्प करणारच असाल तर वाहनाचा नाद सोडा, मातीतलं स्फोटक ओळखणारा सेन्सर बनवा. साहेबांनी तो मागवला असता, तर त्या कागदावर पहिली सही माझी असती.