वाचकांचे प्रश्न : गारपिटीत लाइन गेली तर

थंडीच्या दिवसांत बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प आणि उत्तरेची थंड हवा विदर्भावर भिडली की नागपुरात गारा, वारा आणि मग अंधार. या वेळी आलेले प्रश्न त्या अंधाराबद्दलचे आहेत.

प्र. इन्व्हर्टरला १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी आहे. दुकानदार म्हणाला होता, रात्रभर चालेल. वादळात चार तासांतच बसली. बदलावी का? (महाल)

उ. लगेच नको. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये होणारी घट आणि बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून ठेवायचा राखीव भाग वजा केला, तर हाती साधारण ११०० राहतात. पाच एलईडी, राउटर आणि छोटा टीव्ही मिळून १२० वॉटच्या आत बसतात. एवढ्यावर नऊ तास निघतील. चार तासांत बसली म्हणजे २७५ वॉट ओढले गेले असणार. इन्व्हर्टरच्या लाइनवर फ्रीजचा पॉइंट आहे का, ते आधी पाहा. वायरिंग करताना तो नकळत जोडला जातो.

तो नसेल तर पाणी तपासा. पाण्याची पातळी दाखवणारी फ्लोटची दांडी खालच्या खुणेवर आली असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, वरच्या खुणेपर्यंतच. नळाचं किंवा आरओचं चालत नाही, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. जास्त भरलं तर चार्जिंगच्या वेळी ॲसिड बाहेर येतं. मग पूर्ण चार्ज करून १०० वॉटच्या ठरावीक लोडवर चालवून पाहा. सहा तासांच्या आत बसली तर बॅटरी थकली. आणखी एक : उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. मध्ये दोनच तास लाइन आली तर दुसऱ्या खेपेला ती लवकरच बसणार. तो तिचा दोष नव्हे.

प्र. वादळात लाइन गेली नाही, पण काही दिवे भगभगले, काही मंद झाले. नंतर टीव्ही आणि राउटर जळाले. स्पाइक गार्ड होता, तरी कसे? (मनीषनगर)

उ. हे न्यूट्रल तुटण्याचं लक्षण. डीपीकडून (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरकडून) येणारी न्यूट्रलची, म्हणजे प्रवाहाच्या परतीची, तार फांदी पडून तुटली की तीन फेजवरची घरं एकमेकांमधूनच प्रवाह वाहून नेतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज २३० वरून ३००-३५० च्याही वर जातं. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका शोषतो, मिनिटभर टिकणारं वाढीव व्होल्टेज नाही. एमसीबीही (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण तो व्होल्टेज नव्हे, करंट पाहतो. त्यासाठी मेन स्विचनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, आणि तो घराच्या मंजूर लोडला पुरेल एवढ्या अँपिअरचा असू द्या.

दिवे असे विचित्र दिसले की विचार न करता मेन बंद करा. लाइन पूर्ण गेली असेल तरीही गिझर, फ्रीज, एसी यांचे स्विच पाडून ठेवा आणि फक्त एक बल्ब चालू राहू द्या. तो दहा मिनिटं स्थिर जळला की बाकीचं एकेक सुरू करा, फ्रीज सगळ्यात शेवटी.

प्र. लाइन नसताना खोलीत सिगडी ठेवली, खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल ना? (नंदनवन)

उ. झोपायच्या खोलीत नाहीच. कोळसा निखारा झाल्यावर धूर संपतो, पण कार्बन मोनॉक्साइड चालूच राहतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं माणूस थंडीवर ढकलतो आणि झोपी जातो. खिडकीची फट पुरेल की नाही, हे आत बसून कळत नाही. अंगणात शेका आणि निखारे विझवूनच आत या.

तुम्ही विचारलं नाही, पण त्याहून लपलेला धोका बाथरूममध्ये आहे. गॅस गिझर सेलवर पेटतो, म्हणून लाइन नसतानाही मजेत चालतो. एक्झॉस्ट फॅन मात्र बंद असतो. अशा वेळी गिझरवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळ करा. कुणाला चक्कर आली तर आधी उघड्यावर न्या, आणि १०८ ला फोन लावा.

प्र. सासूबाई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. इन्व्हर्टर पुरेल? (प्रतापनगर)

उ. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं यंत्र साधारण ३५० वॉट घेतं. १५० एएचवर तीन तास धरा, तेही साइन वेव्ह (लाइनसारखीच सुरळीत वीज देणारा) इन्व्हर्टर असेल आणि बाकी सगळं बंद असेल तर. म्हणून भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाना घरात हवाच. तो कसा जोडायचा, हे उजेडात दोघांनी तरी शिकून ठेवा.

प्र. फ्रीजमधलं किती टिकतं? (बेसा)

उ. दार उघडलं नाही तर चार तास. भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक.

प्र. शेजारी उजेड, आमच्याकडेच अंधार. तक्रार कुठे करायची? (हिंगणा रोड)

उ. आधी आरसीसीबी (करंट गळला की पडणारा बोर्डावरचा स्विच) पाहा, ओल्या पॉइंटमुळे तो पडतो. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याच्यावर तो पुन्हा पडेल, ती लाइन बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवा. खांबावरच्या फ्यूजला हात लावू नका. सगळं वर असूनही अंधारच असेल तर महावितरणचा १९१२ लावा. बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतात. तो बोर्डाच्या दाराच्या आत लिहून ठेवा.