पर्याय अ की ब, याआधी विचारायचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भागातला मुख्य रस्ता आणि तो जिथे द्रुतगती मार्गाला मिळतो तो इंटरचेंज, दोन्हींची फेररचना होणार आहे. दोन पर्यायांचे आराखडे मांडून हरकती-सूचना मागवल्या आहेत. अभियंता नसलेल्या माणसाने त्यावर काय लिहायचं, आणि लिहून काही बदलतं का?

बदलतं. पण ‘पर्याय ब बरा वाटतो’ एवढंच लिहिलं तर फारसं नाही. रेषा मारायला घेण्याआधी काही गृहीतकं ठरलेली असतात आणि रस्त्याचं रूप त्यांतूनच निघतं. संकल्पित वेग (म्हणजे रस्ता ज्या वेगासाठी आखला जातो तो) किती धरला, कोणत्या वर्षाच्या वाहतुकीसाठी रुंदी काढली, गर्दीच्या तासाला गाड्या किती वेळ थांबल्या तर चालतील, पायी चालणारे मोजले की नुसत्या गाड्या. अ आणि ब या दोन्ही पर्यायांत ही गृहीतकं बहुतेक वेळा एकच असतात. तेव्हा पहिलं पत्र निवडीचं नको, मागणीचं पाठवा: वाहनगणना, पादचारी गणना, अपघातांच्या नोंदी आणि भविष्यातल्या वाहतुकीचा अंदाज कसा काढला ते द्या.

या अंदाजाकडे विशेष लक्ष द्या. वाहतूक दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर 20 वर्षांत ती सुमारे 2.65 पट होते. 3 टक्के धरले तर 1.8 पट. कागदावर दोन टक्क्यांचा फरक, जमिनीवर मात्र तो एका उड्डाणपुलाएवढा किंवा दोन जादा लेनएवढा असू शकतो. शिवाय रस्ता वाढवला की त्यामुळेच काही नवी वाहतूक तयार होते. ब्रिटन सरकारच्याच सल्लागार समितीने 1994 साली हे अहवालात स्पष्टपणे मान्य केलं. ‘तुमच्या अंदाजात ही नवी वाहतूक धरली आहे का?’ हा एका ओळीचा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर देताना सल्लागाराला फाइल उघडावी लागते.

आता इंटरचेंजकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं आणि सगळ्यात कमी चर्चाही त्याचीच होते. आराखड्यात एक हद्द रेषा शोधा. द्रुतगती मार्गाची यंत्रणा रॅम्पच्या, म्हणजे त्या मार्गावर चढायच्या-उतरायच्या जोडरस्त्याच्या, टोकापर्यंत जबाबदार असते आणि शहराची यंत्रणा तिथून पुढे. या सांध्यावर पदपथ नाहीसा होतो, सायकलचा पट्टा संपतो, दिवे कोणी लावायचे हे ठरलेलं नसतं. दोन्ही कार्यालयांचे नकाशे आपापल्या हद्दीपुरते बरोबर असतात. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर मधल्या पन्नास-साठ मीटरला कोणी वाली नाही हे दिसतं. तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी परिच्छेद या तुकड्याबद्दलचा असेल.

त्यातही रॅम्पवरून उतरून न थांबता डावीकडे वळणारी मोकळी लेन नीट पाहा. डाव्या बाजूने गाड्या चालतात अशा देशात तिथला चालक उजवीकडे मान वळवून येणाऱ्या वाहतुकीत फट शोधत असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी डाव्या कडेवरून कोणीतरी झेब्रावर पाय ठेवतं. चालकाची चूक काढून उपयोग नाही, रचनाच त्याला तिकडे बघायला लावते. वळणाची त्रिज्या 40-50 मीटर असेल तर गाडी ताशी 40 च्या आसपास वेगाने आरामात वळते. ती 12-15 मीटर केली की 20-25 वर यावंच लागतं. वेगमर्यादेचा फलक जे करू शकत नाही ते त्रिज्या करते.

यावर ‘मग मोठे ट्रक वळणार कसे?’ असं उत्तर येईल. रास्त प्रश्न आहे, त्याला भावनेने उत्तर देऊ नका. कोपऱ्याच्या आतल्या बाजूला किंचित उंच, खडबडीत फरसबंदीचा पट्टा देता येतो. ट्रकची मागची चाकं त्यावरून जातात, मोटारचालक मात्र खडखडाट टाळायला बाहेरूनच हळू वळतो. याला ट्रक एप्रन म्हणतात. पत्रात हा शब्द आला की समोरचा अभियंता तुमच्याशी वेगळ्या पातळीवर बोलायला लागतो.

अभियंत्यांची एक भीती खरी आहे आणि तीही समजून घ्या. रॅम्पच्या टोकाला सिग्नल लावला आणि रांग मागे मागे जात द्रुतगती मार्गावर पोहोचली, तर वेगाने येणारी गाडी थांबलेल्या गाडीवर आदळते. रांगेतल्या एका मोटारीला साधारण साडेसहा मीटर लागतात, म्हणजे 300 मीटरच्या एकेरी रॅम्पवर पंचेचाळीसेक गाड्या मावतात. त्यामुळे ‘सिग्नल हवा’ एवढंच न लिहिता ‘गर्दीच्या तासात रांग किती लांब होईल ते दाखवा, आणि रॅम्प कमी पडत असेल तर टोकाला दोन मार्गिका करून सिग्नल द्या’ असं लिहा. म्हणजे ती सूचना सहज बाजूला ठेवता येत नाही.

पादचारी पुलाचं आश्वासनही तपासून घ्या. खालून उंच गाड्या जायच्या म्हणून पूल साधारण सहा मीटर चढावा लागतो. चाकाच्या खुर्चीला चालेल असा 1:12 चा उतार धरला तर एका बाजूला 72 मीटर, दोन्ही बाजू मिळून 144 मीटर, मधले विसावे वेगळे. चौदा मीटरचा रस्ता ओलांडायला दीडशे मीटरहून जास्त चालायचं. लोक तेवढं चालत नाहीत, दुभाजकावरून उड्या मारतात आणि मग त्यांनाच बेशिस्त म्हटलं जातं. जमिनीवर, सिग्नलसह, मध्ये थांबायला सुरक्षित जागा असलेलं क्रॉसिंग मागा. सिग्नलची वेळही मोजा: सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्याला चौदा मीटरला 12 सेकंद लागतात, 0.8 मीटरने चालणाऱ्या वृद्धाला साडेसतरा.

लिहून काय होतं याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या सिरॅक्यूसचं आहे. तिथे शहराच्या मध्यातून जाणारा आय-81 चा उंच महामार्ग पाडून त्या जागी साधे रस्ते करायचं ठरलं. मूळ आराखड्यात महामार्ग जिथे शहराच्या रस्त्यावर उतरतो तिथला मोठा गोल चौक एका प्राथमिक शाळेच्या अगदी जवळ आला होता. पालकांनी आणि रहिवाशांनी तेवढ्या एका गोष्टीवर नेट धरला आणि अंतिम आराखड्यात तो चौक शाळेपासून दूर सरकला. 2022 मध्ये प्रकल्पाला केंद्रीय मंजुरी मिळाली ती या बदलासह. आक्षेप नेमका होता, जागा नेमकी होती आणि मागणी शक्य कोटीतली होती.

उलट बाजू दक्षिण कोरियातल्या सोल शहराची. चोंग्येचॉन ओढ्यावरचा उंच रस्ता 2003 मध्ये पाडायला घेतला आणि 2005 मध्ये ओढा खुला झाला. जगभर त्याचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण तिथल्या फेरीवाल्यांना दोंगदेमुन स्टेडियममध्ये हलवलं आणि पुढे काही वर्षांत ते स्टेडियमच पाडलं गेलं. म्हणून पुनर्वसनाची जागा किती वर्षांसाठी, हे लेखी घ्या. बैठकीत तोंडी दिलेलं आश्वासन इतिवृत्तात आलं नाही तर ते दिलंच नाही असं समजा.

सल्लामसलत खरी आहे की उरकलेली, हे ओळखायची कसोटी ब्रिटिश न्यायालयांत 1985 च्या गनिंग खटल्यातून आली आणि 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. प्रस्ताव अजून आकार घेत असतानाच विचारायला हवं, मत बनवता येईल एवढी कारणं द्यायला हवीत, पुरेसा वेळ द्यायला हवा, आणि आलेली मतं निर्णय घेताना प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवीत. यांतली पहिली कसोटी माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. निविदा निघाल्यावर हरकती मागवल्या तर त्या रंगांपुरत्या आणि झाडांपुरत्या उरतात. म्हणून प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे हे पहिल्याच पत्रात विचारा.

बैठकीला कोण येत नाही तेही बघा. कामाच्या दिवशी दुपारी ठेवलेल्या सुनावणीला रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया, शाळकरी मुलं येत नाहीत, आणि रस्ता सर्वांत जास्त पायी वापरणारे तेच असतात. बसथांब्यावर आणि शाळेच्या फाटकाशी संध्याकाळी आराखडा लावून मतं घ्या अशी मागणी करा. ते होत नसेल तर तुम्हीच चारजण मिळून उभे राहा, लोक कुठून कुठे ओलांडतात ते नकाशावर खुणावून घ्या आणि तो कागद हरकतीला जोडा.

जिथे वाद मिटत नाही तिथे तात्पुरता प्रयोग मागणं चांगलं. न्यूयॉर्कने 2009 मध्ये टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवेचा भाग प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, आधी-नंतरची मोजणी केली आणि 2010 मध्ये तो कायमचा केला. रंग, कुंड्या, हलवता येणारे खांब यांवर काम भागतं. मात्र मोजणी काय करणार आणि कशाला यश म्हणणार हे प्रयोगाआधी जाहीर व्हायला हवं, नाहीतर नंतर जो तो आपल्याला हवं तेच त्यात वाचतो.

हरकत लिहिताना आराखड्यावरचा साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, द्या, उदाहरणार्थ 2+450 (2 किलोमीटर 450 मीटर). त्यामुळे जागेबद्दल संदिग्धता राहत नाही. एका मुद्द्याला एक परिच्छेद. छापील मजकुराखाली शंभर सह्यांपेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत आपापली जागा सांगितलेली बरी, कारण सारखा मजकूर बहुधा एकच मुद्दा म्हणून नोंदवला जातो. मुदत संपल्यावर आलेल्या प्रत्येक मुद्द्यावर काय ठरलं आणि का, याचा तक्ता मागा. ज्या मुद्द्यापुढे नुसतं ‘नोंद घेतली’ असेल त्याचं कारण पुन्हा लेखी विचारा, आणि अंतिम आराखड्याच्या सुरक्षा लेखापरीक्षणाची (अपघाताचा धोका कुठे आहे याच्या तपासणीची) प्रतही त्याच पत्रात मागून घ्या.