सहा वर्षांपूर्वी विकलेले स्पीकर

"मॅडम, हसणार नसाल तर सांगतो."

समोर बसलेले गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, नोकरी व्यवस्थित, बायको, शिकायला बाहेर असलेली एक मुलगी, तब्येत ठीक, व्यसन नाही, आणि प्रॉब्लेम काय तर सहा वर्षांपूर्वी विकून टाकलेली म्युझिक सिस्टिम. अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल आणि कंबरेपर्यंत येणारे दोन जाडजूड लाकडी स्पीकर. (त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

मी हसले नाही, कारण हे मी बऱ्याचदा ऐकलंय. लोक येतात दुसऱ्याच कारणाने, झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात बोलणं कमी झालंय, आणि तिसऱ्या-चौथ्या सेशनला हळूच सांगतात की मी अमुक डेक विकला, किंवा तमुक स्पीकर घेऊन फसलो, आणि ते डोक्यातून जातच नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी समुपदेशकाकडे काय जायचं, असं वाटून लाजतात. माझं म्हणणं, रोज रात्री दोन-दोन तास खाणारी गोष्ट क्षुल्लक कशी?

यांचं तसंच होतं. रात्री सगळं आटपलं की फोनवर सेकंडहँड जाहिराती उघडायच्या आणि तेच मॉडेल शोधत बसायचं. मिळालं तर फोटो झूम करून बघायचे, घ्यायचं मात्र नाही. या सहा वर्षांत घरात तीन सिस्टिम आल्या, दोन गेल्या, आणि प्रत्येक वेळी पंधरा दिवसांत तेच, "हा तो आवाज नाहीये." शेवटी बायकोनेच सांगितलं, जा, कोणाशी तरी बोला.

इथे मी एक चूक केली. मी विचारलं, "ती सिस्टिम लावून कोणाबरोबर ऐकायचात?" माझ्या डोक्यात वडील, जुना मित्र, असं कोणीतरी तयारच होतं. ते जरा वैतागले. "मॅडम, वडिलांना गाण्याचं वावडं होतं. मी पहिल्या नोकरीत पैसे साठवून घेतलेली, मी एकटाच ऐकायचो. आवाज चांगला होता हो, एवढंच."

बरोबर बोलले. आमच्या धंद्यातली ही वाईट सवय आहे, वस्तू दिसली की तिच्यामागे माणूस शोधायचा. कधीकधी स्पीकर म्हणजे स्पीकर असतो.

मग म्हटलं ठीक, आवाजाबद्दलच बोलू. काय चांगलं होतं? त्यावर गडी चाळीस मिनिटं थांबला नाही. बास कसा छातीवर यायचा पण घुमायचा नाही, गाणारा माणूस दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा असल्यासारखा कसा वाटायचा, रेकॉर्डवर सुई टेकताना होणारा तो बारीक खर्रर्र. मला यातलं फारसं कळत नाही, पण पहिल्या दिवशी खांदे पाडून बसलेला माणूस खुर्चीत सरसावून बसलाय हे कळत होतं.

मी सहज विचारलं, दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करायची तर तुम्ही लोक कशी करता? ते म्हणाले, लगेच बदलून ऐकावं लागतं, मधे वेळ गेला की संपलं, आणि दोन्हीचा व्हॉल्यूम मोजून सारखा ठेवावा लागतो, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो. मी म्हटलं, हो, आवाज जसाच्या तसा डोक्यात काही सेकंदच राहतो, पुढे राहते ती त्याची आठवण, आणि आठवण आपण दर वेळी थोडी नव्याने रंगवतो. ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे मी घरातल्या सिस्टिमची तुलना सहा वर्षांपूर्वीच्या आवाजाशी करतोय, व्हॉल्यूम मॅच न करता." त्यात वयाचंही आहेच, तरुण निरोगी कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो असं धरतात आणि वय वाढतं तशी वरच्या पट्टीतली ऐकण्याची ताकद आधी कमी होते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "तेच स्पीकर मिळाले तरी तेव्हाचे कान कुठून आणणार," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला वाटलं, झालं काम. कसलं काय, पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्री दोन. नुसती माहिती मिळून पस्तावा गेला असता तर माझी फी कोणी दिली नसती.

मग त्यांना एक काम दिलं. जाहिराती बघणं बंद करू नका (बंद करा म्हटलं की दुप्पट होतं, अनुभव आहे), फक्त वहीत लिहा, किती वाजता उघडलं, किती वेळ बघितलं, त्याआधी काय चाललं होतं, आणि त्या दिवशी गाणी किती वेळ ऐकली. दोन आठवड्यांनी वही आणली तेव्हा त्यांचाच चेहरा पडलेला. शोधणं मिळून एकवीस तास. ऐकणं पन्नास मिनिटं, तेही हेडफोनवर, आतल्या खोलीत. घरात चांगली सिस्टिम असताना.

आता मला खटकणारी गोष्ट सांगते. टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांचं १९९४ चं काम आमच्याकडे बरंच सांगितलं जातं, की ताजा पस्तावा बहुतेक केलेल्या गोष्टीचा असतो, पण मागे वळून पूर्ण आयुष्याकडे बघितलं की न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. विकलं, चुकलं, चार-सहा महिने वाईट वाटलं, मग माणूस स्वतःची समजूत घालतो, दुसरी वस्तू घेतो, विषय संपतो. इथे सहा वर्षांनीही एक केलेली गोष्ट ताजीच होती. त्यामुळे मला शंका आली की यांचा पस्तावा विकल्याचा नसावाच, आत कुठेतरी काहीतरी न केलेलं असणार. अंदाजच होता, आणि एक अंदाज आधी चुकलेला, म्हणून यावेळी तोंड बंद ठेवून फक्त विचारलं, "विकली त्या दिवशी काय काय झालं, सकाळपासून सांगा."

घर बदलायचं होतं. नवीन हॉल लहान. बायको एकदा बोलता बोलता वायरींवरून काहीतरी म्हणाली, त्यावरून यांनी ठरवलं की तिला ही अडगळ नकोय. भांडण नको म्हणून विचारलंच नाही, गुपचूप जाहिरात टाकली आणि पहिला जो आला त्याला संध्याकाळच्या आत देऊन टाकली. घेणारा म्हणाला, जरा वाजवून दाखवा की. हे म्हणाले सगळं ओके आहे आणि वायरी काढायला लागले.

"का नाही वाजवलीत?"

"वाजवली असती तर दिली नसती."

आणि मग खालच्या आवाजात, महिनाभराने रेकॉर्डी रचून ठेवताना एक कव्हर रिकामं लागलं, ती रेकॉर्ड टर्नटेबलवरच राहिली होती, झाकणाखाली, त्याच्याबरोबर गेली. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

टेरी कॉनोली आणि मार्सेल झीलेनबर्ग यांनी २००२ मधे पस्ताव्याचे असेच दोन भाग सांगितलेत. एक, निकाल वाईट लागला याचं वाईट वाटणं. दुसरा, निर्णय आपण नीट घेतलाच नाही म्हणून स्वतःवरचा राग. पहिल्यावर नवीन वस्तू थोडीफार चालते, दुसऱ्यावर नाही, मग तुम्ही तीन सिस्टिम आणा की तेरा. न विचारता, न ऐकता, पळ काढल्यासारखी दिली, ते डाचत होतं. आणि बायकोवर एक मुका राग होता, तो वेगळाच, तिच्यामुळे विकावी लागली असा.

म्हणून पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, आणि "तुला अडचण होत होती म्हणून" हे शब्द आले तशा ताठ बसल्या.

"अहो, मी कधी म्हटलं विका? मी म्हटलं होतं वायरी पायात येतात. वायरी!"

सहा वर्षं. मला खरं सांगायचं तर तेव्हा हसू आवरणं कठीण गेलं. त्यांना वाटत होतं यांचाच शौक संपला, वयानुसार होतं तसं, म्हणून त्याही काही बोलल्या नाहीत. मग एक गोष्ट म्हणाल्या जी मी वहीत लिहून ठेवलीये. "मला त्यातलं काही कळत नाही, पण तेव्हा तुम्ही हॉलमधे असायचात. आता हेडफोन लावून आत असता."

रडारड वगैरे काही झाली नाही. ते टेबलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, वायरी पट्टीतून भिंतीला घेता आल्या असत्या.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, यांनीही विचारला, मग परत घेऊ का? माझ्याकडे याचं हो-नाही असं उत्तर नाही, आणि "वस्तूत सुख नसतं" असलं प्रवचन मी देत नाही, कारण चांगला स्पीकर खरंच सुख देतो. पण मी म्हणते आधी एक महिना घरात जे आहे ते ऐका, काहीही न विकता, न घेता. त्यांचे स्पीकर कपाटाच्या खणात कोंबलेले होते, पुस्तकांच्या मधे. स्वतःच कबूल केलं की मित्राच्या घरी असं दिसलं असतं तर ओरडलो असतो त्याच्यावर. ते बाहेर काढले, भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून थोडे पुढे आणले कारण कोपऱ्यात बास नुसता फुगतो, कानाच्या उंचीवर ठेवले, खुर्ची समोर अशी की दोन स्पीकर आणि डोकं मिळून त्रिकोण व्हावा. एक पैसा लागला नाही. पुढच्या सेशनला म्हणाले, "तो आवाज नाहीये, पण वाईट नाहीये." सहा वर्षांत पहिल्यांदा "पण" आला.

आणि घ्यायचंच असेल तर उघडपणे घ्या. घरात सांगून, स्वतः जाऊन, स्वतःच्या ओळखीची गाणी निदान तासभर वाजवून, सोबत दुरुस्तीतलं कळणारा माणूस घेऊन. जुन्या स्पीकरच्या कडेची फोमची रिंग वीसेक वर्षांत भुसभुशीत होते, अ‍ॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर सुकतात, टर्नटेबलचा बेल्ट सैल पडतो, म्हणजे तुम्ही जी आणाल ती तुमची जुनी नाहीच, तिच्या वयाची दुसरी आहे. आणि विकायचं असेल तर, हे मी आता सगळ्यांना सांगते, देण्याआधी एक पूर्ण रेकॉर्ड, एक कॅसेट, जे असेल ते शेवटपर्यंत ऐका. नाही द्यावंसं वाटलं तर नका देऊ, घेणारा चिडेल तेवढा चिडेल.

घेऊन पस्तावलेल्यांचं थोडं वेगळं असतं. एक मुलगी आलेली, छोट्या खोलीसाठी भलेमोठे स्पीकर घेतलेले आणि परत करायच्या मुदतीत रोज रात्री रिव्ह्यू वाचत बसलेली, ठेवू की परत करू. डॅनिअल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा २००२ चा एक प्रयोग आहे, फोटोग्राफी शिकणाऱ्यांना स्वतःचा एक फोटो ठेवायला दिला, काहींना नंतर बदलायची मुभा दिली, काहींना नाही, आणि ज्यांना मुभा होती त्यांनाच आपला फोटो कमी आवडला. दार उघडं असलं की माणूस आत नीट बसतच नाही. तिला म्हटलं, मुदत असेल ती असो, तू तुझी तारीख तीन दिवसांवर आण, तोवर रिव्ह्यू बंद, फक्त ऐक. तिसऱ्या दिवशी तिने परत केले, आणि खूष होती. पस्तावा नेहमी खोटाच असतो असं थोडंच आहे, कधीकधी स्पीकर खरंच खोलीपेक्षा मोठे असतात.

आमचे गृहस्थ. त्यांना तेच मॉडेल एकदा मिळालं आणि दोघं मिळून बघायला गेले. जाळी काढली, वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाच्या, कडेला बोट लावलं तर काळा भुगा हातात आला. विकणारा म्हणाला रिंग बदलून मिळते, ते खरंच आहे, मिळते. हे दहा मिनिटं ऐकत उभे राहिले आणि न घेता परत आले. वाटेत बायको म्हणाली, घ्यायचे होते ना, मी काही बोलले का? त्यावर म्हणे त्यांचं गाडीतच चांगलं वाजलं, पण बोलून वाजलं, हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

जाहिराती बघणं सुटलेलं नाही. आता रविवारी सकाळी बघतात, हॉलमधे बसून, आणि बायको खांद्यावरून डोकावून एकेक मॉडेल रंगावरून नापास करते. हेडफोनचं मी विचारलं तर म्हणाले, ती झोपल्यावर लावतो फक्त.

ती गेलेली रेकॉर्ड मात्र त्यांनी मिळवली, दुसरी प्रत, आणि सहा वर्षं रिकाम्या राहिलेल्या त्या कव्हरात घातली. वाजवायला घरात टर्नटेबल नाहीये अजून.