चढा सूर

"ताई, रेकॉर्डिंग होऊन पाच महिने झाले. घरात कुणाला ऐकूसुद्धा देत नाही," माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आई सांगत होती. २३ वर्षांची लेक डाव्या हाताच्या बोटांवरचे तारांचे घट्टे कुरतडत बसलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

घर नाशिकच्या गंगापूर रोडला, वाद्यवृंदासोबतचं रेकॉर्डिंग मुंबईत. जर्मन संगीतकार मेंडेलसनचा ई मायनर व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) आणि व्हायोलिनवादक-संगीतकार क्रायस्लरच्या तीन छोट्या रचना. पहिलाच अल्बम. खर्चाला काकांनी हातभार लावलेला, त्यामुळे फोन आला की "कधी निघतोय?" ठरलेलंच.

हा आळस की परफेक्शनचं खूळ, असं पालक नेहमी विचारतात. मला बहुतेकदा त्यामागे भीतीच सापडते.

"कन्चेर्टोच्या पहिल्या भागात सप्तकांची ओळ आहे ना, एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवायचा, तिथे एक सूर चढा लागलाय. रोज तीस-चाळीसदा ऐकते." हेडफोन लावून, आवाज वाढवून! कुलूप लागलंय का हे बघायला जिन्यावरून परत येणाऱ्यातलाच प्रकार. घटकाभर बरं वाटतं, की पुन्हा शंका.

"क्रायस्लरचं बरं होतं," ती म्हणाली. "स्वतःच्या रचना जुन्या संगीतकारांच्या नावावर खपवल्या, थेट १९३५ मध्ये कबूल केलं. मीपण दुसऱ्याच नावानं काढते." पहिल्यांदाच हसली. मी तो धागा सोडला नाही.

"तुझ्या नावानं आला तर?"

"सर म्हणतील, हिच्यावर पंधरा वर्षं फुकट घालवली."

तेच कागदावर उतरवून घेतलं: कुणाला काय खटकेल, किती खात्री. 'सर, तो सूर, ९५ टक्के.' ऐकायचं आठवड्यातून एकदा, स्पीकरवर, न थांबवता. पहिल्याच आठवड्यात तिनं हे दोनदा मोडलं, आणि आपणहून सांगितलं. मग आधी काही न बोलता दोघांना ऐकवायचं.

पंचवटीतले मामा नाट्यसंगीतातले. "अगं, बाकीच्यांनी नीट सुरुवात करायच्या आत तू कशी घुसलीस?" मेंडेलसनची खुबी मामांनी बरोबर पकडली होती, त्यानं व्हायोलिन दुसऱ्याच मात्राखंडात आणलंय.

सरांनी सप्तकांवर नुसती मान डोलावली. थांबवलं ते संथ भागात: "इथं घाई केलीस."

पुढच्या वेळी ती कागद नाचवतच आत आली. "ताई, हे तर माझ्या यादीतच नव्हतं!" वैतागली होती खरी. पण मुखपृष्ठाला कुठला फोटो द्यायचा, यावरून आईशी भांडूनही झालं होतं.