मार्लीच्या पलीकडचं रेगे

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये रेगे, म्हणजे ते जमैकाचं संगीत, म्हटलं की सगळे बॉब मार्लीवरच अडकतात. खरी क्लासिक गाणी कुठली हो?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : अहो, मार्लीला टाळून कसं चालेल, पण त्याचं ‘नो वुमन, नो क्राय’ ऐकायचं तर १९७५चं लंडनमधलं लाइव्हच ऐका, स्टुडिओवालं त्यापुढे फिकं. मग डेस्मंड डेकरचं ‘इझरायलाइट्स’, १९६९ला ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेलं, आणि गायक टूट्स हिबर्टचं ‘प्रेशर ड्रॉप’ तर हवंच. ठाणे-वाशी लोकलमध्ये हेडफोन लावून मार्लीच्या ड्रमरकडे, कार्लटन बॅरेटकडे लक्ष द्या, त्याच्या ‘वन ड्रॉप’ नावाच्या तालात तो पहिला ठोका रिकामा सोडतो नि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) थेट तिसऱ्यावर, मान डोलणारच. जिमी क्लिफचं ‘मेनी रिव्हर्स टू क्रॉस’ रेगे कमी, सोल (अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण गाणं) जास्त वाटेल, तरी माझ्या यादीत ते राहणारच, ग्रुपवाल्यांना भांडू दे.