संस्थांमध्ये जागा मिळाली म्हणजे वंचितांची सुटका होते का?

तुम्ही विचारलंय की राखीव जागा, नोकरी, पद मिळून वंचित समाज मुख्य प्रवाहात आला की तो मोकळा होतो का. मी शहादा तालुक्यातला भिल्ल, राखीव जागेवरच नोकरीला लागलो, आता धुळ्यात क्वार्टर आहे. त्यामुळे हे सगळं फोल आहे असं मी म्हणणार नाही, तसं बोलणं ज्यांच्या घरात तीन पिढ्या पगार येतोय त्यांना परवडतं.

पण घरातलंच सांगतो. आमची आई एक टर्म सरपंच होती, बाई राखीव सीट निघाली म्हणून. तिला उभं केलं ते गावातल्या एका बागायतदारानं, आणि माझा बाप त्याच्याकडेच सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर, सालावर, राबणारा गडी. मीटिंग म्हणजे काय तर ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक घेऊन मालकाच्या ओट्यावर बसायचा, आईला भिलाटीतून, म्हणजे आमच्या भिल्ल वस्तीतून, बोलावणं जायचं, ती ओट्याखाली उभी राहून सही करायची. मालक म्हणायचा, "आठे सही कर माय, बाकीनं आमी देखी लेसूत", म्हणजे इथं सही कर, बाकीचं आम्ही बघून घेऊ. खुर्चीवर ती फक्त झेंडावंदनाला बसायची, तेही फोटोपुरती.

आणि आत घेणं म्हणजे चांगलंच असतं असं पण नाही, कशासाठी घेतलं ते बघावं लागतं. १८२५ साली औट्रम नावाच्या इंग्रज साहेबानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, पगार, गणवेश, सगळं दिलं, आणि काम काय तर डोंगरातल्या बंडखोर भिल्लांना धरून आणायचं!

दुसरी गोष्ट चाळीसगावची, १९२९ ची. डॉ. आंबेडकर मुंबई सरकारनं नेमलेल्या कमिटीचे मेंबर, अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करत फिरत होते, बॅरिस्टर माणूस. धुळ्याहून परत येताना चाळीसगावला उतरले, तर टांगेवाला टांगा भाड्यानं द्यायला तयार पण हाकणार नाही, अस्पृश्याला बसवून हाकण्यात त्याला कमीपणा. मग अस्पृश्य वस्तीतल्याच एकानं लगाम धरला, त्याला हाकायची सवय नव्हती, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. कमिटीत खुर्ची होती, टांगा दुसऱ्याचा होता.

आमच्या आईचा टांगा म्हणजे बापाचं साल. चौथ्या वर्षी भिलाटीला लागून जी मोकळी जागा होती, जिथं आमच्या लोकांची घरकुलं व्हायची होती, ती मालकाच्या भाच्याला गोडाऊनसाठी द्यायचा ठराव लिहून आला. भिलाटीतल्या आठ-दहा बाया आईसोबत ओट्यापर्यंत गेल्या, काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या, आणि आई म्हणाली मी सही करत नाही. ठराव बारगळला. पद नसतं तर तिला कोणी विचारलंही नसतं हे खरं, पण बाया सोबत नसत्या तर ती नाही म्हणाली असती का, मला नाही वाटत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालं ठरतात, त्या आखाजीला बापाला कोणी बोलावलं नाही, मालकानं नाही आणि त्याच्या भाऊबंदांनी पण नाही. मग दोन वर्षं आईबाप गुजरातला ऊस तोडायला गेले, पहिल्या वर्षी आई कागदोपत्री सरपंचच होती. मी तेव्हा आश्रमशाळेत होतो म्हणून निभावलं.

त्या जागेवर आता अकरा घरकुलं आहेत. बाप अजून कुरकुरतो की सही केली असती तर आज दारात बैलजोडी असती. त्यावर आई जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही.